विहिरीची ओटी

कावीळ झालेल्या माणसाला सारे जग पिवळे दिसते, ही म्हण ज्याने काढली त्याला स्वतःला कधी कावीळ झालेली नसावी. कावीळ झालेल्याला आंब्याचे पान हिरवेच दिसते, जास्वंद तांबडीच दिसते आणि वाण्याच्या वहीतली शाई निळीच दिसते. पिवळा होतो तो स्वतः, आणि दिसतो तो इतरांना. आरसा पाहीपर्यंत त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो. आधी अन्नावरची वासना उडते, जिना चढताना पाय भरून येतात, लघवी गडद होते, आणि मग एके दिवशी शेजारीण उंबऱ्यात उभी राहून म्हणते, “अगंबाई, भाऊजी, तुमचे डोळे बघू!” त्या क्षणापासून तो माणूस आपला राहत नाही. तो साऱ्या आळीचा होतो.

सर्दी झाली तर लोक आपल्याला काढा सांगतात. ताप आला तर डॉक्टरचे नाव सांगतात. कावीळ झाली की मात्र गावाचे नाव सांगतात. “अमक्या गावाला जा, रविवारी जा, आंघोळ न करता जा.” औषध कोणते, देणारा कोण, त्यात असते काय, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ते इतकेच, की त्याच्या मेहुणीचा दीर तिथे गेला होता आणि आज तो बैलासारखा ठणठणीत आहे.

आमच्या कर्जत-खालापूरच्या मुलखात अशी गावे दोन्ही तालुक्यांत आहेत. कुठे तळहाताला चुना चोळून कावीळ ‘उतरवतात’. कुठे काड्यांची माळ डोक्यावर ठेवतात. ती दिवसागणिक वाढत वाढत गळ्यात आणि छातीवर उतरते. कुठे कडू देवडांगरीचे थेंब नाकात सोडतात. पूर्वी मनगटावर तापल्या सळईचा डागही देत. तसे डाग मिरवणारे म्हातारे अजून बाजाराच्या दिवशी भेटतात. सुटीच्या दिवशी कर्जत स्टेशनावर उतरणाऱ्या गर्दीत सगळेच काही धबधबे बघायला आलेले नसतात. एखादे पिवळट, मरगळलेले पोर आईच्या खांद्यावर मान टाकून चाललेले दिसते. मुंबईची, कल्याणची माणसे, ज्यांच्या दाराशी मोठमोठी इस्पितळे आहेत ती, वड्याचा पुडा हातात घेऊन आमच्या रिक्षावाल्यांना विचारतात, “काविळीचं औषध देतात ते गाव कुठलं हो?”

पथ्य ठरलेले. हळद बंद, तेल बंद, फुटाणे खावे आणि उसाचा रस भरपूर प्यावा. हळद पिवळी म्हणून ती वर्ज्य, हा तर्क मला नेहमी गमतीचा वाटतो. मग फुटाण्याचे डाळे कुठल्या रंगाचे असते? हळदीचा आणि काविळीचा काही संबंध नाही. उसाच्या रसाचा मात्र आहे, आणि तो भलताच आहे. रसवंतीवरचा तो बर्फ कुठल्या पाण्याचा, तो पेला कुठल्या बादलीत बुचकळलेला, हे कुणी विचारत नाही. ज्या वाटेने रोग आला त्याच वाटेवर औषध म्हणून रांग लागते.

तरी या औषधांवर लोकांचा विश्वास आहे, आणि तो आंधळा आहे असे मला म्हणवत नाही. तो उघड्या डोळ्यांनी बसलेला विश्वास आहे. लोक बरे होताना त्यांनी पाहिलेले आहेत. पाण्यातून येणारी कावीळ झालेली शंभर माणसे घेतली तर त्यांतली अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव काही केले नाही तरी महिना-दीड महिन्यात बरी होतात. त्यांना चुना लावा, बरी होतील. माळ घाला, बरी होतील. घरी निजवून पेज पाजा, तरी बरी होतील. शंभरात नव्याण्णव गुण मिळवणारा वैद्य कुणाला नको? त्या गुणपत्रिकेवर नाव मात्र यकृताचे असायला हवे. यकृत मोठे सोशिक. आपल्या भाषेत ज्याला काळीज म्हणतो ते तेच. मटणाच्या दुकानात काळीज मागितले की दुकानदार यकृतच तोलून देतो. जखम झाली तरी ते पुन्हा भरून येते. आपल्या अंगातला हा मुका नोकर सगळे काम करतो आणि शाबासकी बाहेरचा घेऊन जातो.

चुन्याचे गुपितही फारसे खोल नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू बनवणाऱ्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तसाच आंब्याच्या सालीचा रस असतो. त्याला चुन्याचे पाणी लागले की ते पिवळेजर्द होते. हाताला आधी तो रस लागलेला असला आणि मग चुन्याच्या पाण्यात हात धुतले, की पिवळा धम्मक ओघळ काशाच्या वाटीत पडतो आणि रोग्याला वाटते, अंगातले विष गेले. माळेच्या काड्या वाळून बारीक होतात, सैल मारलेल्या गाठी सरकतात आणि माळ लांबते. देवडांगरीने नाकाचे अस्तर सोलवटून निघते, त्यातून पाणी गळते. चमत्कारामागची अशी कारणे लोकांपुढे करून दाखवण्याची रीत १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आपल्याकडे रुजवली. मी शाळामास्तर, मला ती रीत फार आवडते. फळा आणि खडू यांच्यापेक्षा आंब्याची साल आणि चुना यांनी पोरे लवकर शहाणी होतात.

पण सारा प्रश्न त्या शंभरातल्या उरलेल्या एका-दोघांचा आहे. त्यांतली एक आमच्या घरातली होती.

१९८७ सालची गोष्ट. मी आठ वर्षांचा होतो. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्या महिन्यात तिची ओटी भरली होती. हिरवी साडी, हिरवा चुडा, खणात तांदूळ आणि नारळ, अंगणात बायकांची गाणी. त्या पावसाळ्यात गावात कावीळ फिरत होती. माझी मधल्या आळीतली तीन-चार सोबती पोरे पिवळी झाली आणि पंधरा दिवसांत पुन्हा विटीदांडू खेळू लागली. त्यामुळे ताईचे डोळे पिवळे दिसले तेव्हा कुणाच्या पोटात धस्स झाले नाही. पोरांची उतरली, तिचीही उतरेल. आई तिला चुना लावायला घेऊन गेली. वाटीत पिवळे पाणी पडले. आई समाधानाने घरी आली. चौथ्या दिवशी ताई असंबद्ध बोलू लागली. मला ती माझ्या नावाने हाक मारीना, दुसऱ्याच कुणाच्या नावाने बोलावी. मग झापड आली. वडिलांनी तिला गाडीत घालून कल्याणला नेले. तिथल्या डॉक्टरांनी फक्त इतके विचारले, “कितवा महिना?” आणि उत्तर ऐकून ते गप्प झाले. ताई परत आली नाही. बाळही नाही.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली. तिने कुणाला दोष दिला नाही. आम्हीही दिला नाही. कुणाला देणार? ज्याने चुना लावला त्याने पैसे घेतले नव्हते. ज्या विहिरीचे पाणी ताई प्याली तेच आम्ही सारे प्यालो होतो. पण घरात एक प्रश्न राहून गेला: एकच विहीर, एकच कावीळ, मग पोरे वाचली आणि तीच का गेली?

या प्रश्नाचे उत्तर मी मोठेपणी, कादंबऱ्या लिहिण्याच्या नादात वाचन वाढले तेव्हा, तुकड्यातुकड्यांनी गोळा केले. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. आमच्याकडे जुनी माणसे तिला अजून मॅट्रिक म्हणतात. त्यामुळे शास्त्राची मोठी पुस्तके मला पचत नाहीत. पण घरात मेलेले माणूस असले की कठीण पानही माणूस दोनदा वाचतो.

कळले ते असे. कावीळ हा रोगच नव्हे. ती खूण आहे, धूर असावा तशी. आग निरनिराळ्या कारणांनी लागते. दारूने लागते, पित्ताच्या खड्याने लागते, औषधांच्या अतिरेकाने लागते, आणि यकृतावर बसणाऱ्या विषाणूंनी लागते. या विषाणूंना शास्त्रज्ञांनी ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरे दिली आहेत. बालवाडीच्या पाटीवर मावतील एवढी पाचच. त्यांचे दोन रस्ते. ए आणि ई तोंडावाटे येतात. एकाची विष्ठा दुसऱ्याच्या पाण्यात गेली की येतात. बी, सी आणि बीच्या पाठीवर बसून येणारा डी हे रक्तातून येतात. लहान मुलांना ‘ए’ होऊन जातो आणि पुष्कळदा घरच्यांना कळतही नाही. ‘ई’ची मात्र एक खोड आहे. इतरांना तो सोडून देतो, पण दिवस भरत आलेल्या गर्भवतीला धरतो. शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावतात. ताई गेली तेव्हा या विषाणूची पुरती ओळखही पटलेली नव्हती. ती पटली १९९० साली. कल्याणच्या त्या डॉक्टरांचे गप्प होणे मला तेव्हा उमगले.

आणि हा विषाणू काही आमच्या आडगावापुरता नव्हता. त्याने राजधानीलाही सोडले नाही. १९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीला यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी उलटे फिरून वझिराबादला जिथे शहरासाठी पाणी उचलत तिथे पोचले. इंजिनियर मंडळी झोपलेली नव्हती. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवले. त्याचा गुणही आला. विषमज्वर वाढला नाही, हगवण वाढली नाही. साऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण हा विषाणू माणसाच्या पोटात पाच-सहा आठवडे गुपचूप बसतो. डिसेंबर उजाडला आणि दिल्ली पिवळी पडू लागली. जानेवारीपर्यंत सुमारे २९ हजार माणसांना उघड कावीळ झाली. गर्भवतींचे हाल तिथेही तेच. पुढे कित्येक वर्षांनी, जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर, ती ‘ए’ नव्हती, ‘ई’ होती हे कळले. आमच्या घाटावर पुण्याला १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. डॉ. विद्या अरणकल्ले यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तिथे या काविळींचा वर्षानुवर्षे माग काढला. १९८१ साली कोल्हापुरात अशीच पाण्यातून साथ आली. २०१२ साली इचलकरंजीत हजारो लोक पिवळे झाले आणि काही दगावले. शहर मोठे असो की लहान, गोष्ट एकच: पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांची कुठेतरी गाठ पडली.

दिल्लीच्या गोष्टीत मला एक धडा दिसतो. घाण पाण्यात जाऊ द्यायची आणि मग वर औषध ओतायचे, हे काही मर्यादेपर्यंतच चालते. गढूळ पाण्यात क्लोरीनचा बराचसा जोर गाळाशी झुंजण्यातच संपतो. आधी घाण अडवायची, मग औषध. आमच्या मुलखाने हा धडा इतरांपेक्षा अधिक ध्यानात ठेवायला हवा, कारण आम्ही वरच्या अंगाला राहतो. उल्हास राजमाचीच्या डोंगरात जन्मते, कर्जतला वळसा घालते आणि खाली बदलापूर, कल्याणला जाते. तिथली लाखो माणसे तिचेच पाणी पितात. १९२२ साली टाटांचे भिवपुरीचे वीजघर सुरू झाले तेव्हापासून घाटावरच्या आंद्रेचे पाणी वीज करून खाली उतरते आणि पेज नदी भर उन्हाळ्यातही वाहती राहते. खालापूरकडे तसेच १९१५ पासून खोपोलीच्या वीजघराचे पाणी पाताळगंगेला मिळते. दुसऱ्याच्या डोंगरातले पाणी आम्हाला फुकट मिळते आणि आमच्या हातचे पाणी तिसऱ्याच्या घागरीत जाते. पंक्तीत मध्ये बसणाऱ्याने पुढच्याला वाढण्याआधी हात स्वच्छ ठेवावा, इतका साधा हा शिष्टाचार आहे. पण नदीकाठी निघालेली फार्महाऊसे, धबधब्यावरची जत्रा आणि आमच्या स्वतःच्या गावांची गटारे यांच्याकडे पाहिले की हा शिष्टाचार आपण विसरत चाललो आहोत असे वाटते.

शिष्टाचार सांगणे सोपे. एके वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गावच्या आशाताई शाळेत आल्या. आरोग्य खाते पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावोगावचे पाणी तपासते आणि ग्रामपंचायतीला कार्ड देते. धोका फार असला तर लाल, मध्यम असला तर पिवळे, कमी असला तर हिरवे. आम्हाला पिवळे मिळाले होते. आशाताई म्हणाल्या, “गुरुजी, माणसाला कावीळ होण्याआधी गावाला झालीय. कार्डच पिवळं आलंय.” त्यांना हसू येत नव्हते. त्यांच्या वहीत त्या वेळी गावातल्या पाच गर्भवती होत्या.

मग आम्ही बसलो. मी, आशाताई, विहिरीत औषध टाकणारा जलसुरक्षक आणि बचत गटाच्या काही बायका. पहिला विचार अर्थातच पाणी उकळण्याचा निघाला. उकळी फुटलेल्या पाण्यात हे विषाणू टिकत नाहीत, यापेक्षा खात्रीचा उपाय नाही. मी मोठ्या उत्साहाने ठाकरवाडीवर जाऊन तो सांगितला. एका म्हातारीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “गुरुजी, पानी उकळू. पन त्याला लाकडा कुठली आनू? भाताला पुरत नाय.” माझ्या व्याख्यानाला इतके नेमके उत्तर आजवर कुठल्याही परीक्षकाने दिलेले नाही. डोंगरावरून मोळी आणण्यात जिचा अर्धा दिवस जातो तिला दोन हंडे पाणी उकळ म्हणणे म्हणजे आणखी अर्धा दिवस मागणे. ज्याच्या घरी गॅस आहे त्याने उकळावे. ज्याच्या घरी तान्हे मूल किंवा गर्भवती आहे त्याने कसेही करून उकळावे. पण साऱ्या वाडीचे पाणी राखायचे तर ते चुलीवर राखता येणार नाही. ते विहिरीतच राखले पाहिजे.

म्हणून काम विहिरीवर सुरू झाले. तरुणांनी दोन रविवार खपून काठाचा फुटका ओटा सांधला. धुणे धुवायची जागा उताराला खाली नेली. एका घरचा शौचालयाचा खड्डा विहिरीला फार जवळ होता. तो निदान पंधरा मीटर लांब हवा. तो हलवायला पंचायतीत तीन बैठका लागल्या, आणि त्या बैठकांत जे शब्द वापरले गेले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत. पण खड्डा हलला.

औषध किती टाकायचे हा हिशेब मी पोरांकडे दिला. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, त्याला त्यानेच गुणावे, मग पाण्याच्या खोलीने गुणावे आणि शेवटी ७८५ ने. येईल तितके लिटर पाणी. आमच्या विहिरीचा व्यास चार मीटर, पाणी त्या दिवशी तीन मीटर. चार चोक सोळा, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, गुणिले ७८५. उत्तर ३७ हजार ६८० लिटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ कशाला शिकायचे, असे मला दरवर्षी विचारणारा एक मुलगा त्या दिवशी दोरी सोडून खोली मोजत होता आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हता. तेवढ्या पाण्याला लागेल तेवढी टीसीएलची पूड बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणी विहिरीत सोडायचे. पुडीचे तोंड उघडे राहिले तर दमट हवेत तिचा जोर जातो, हेही पोरांनी पाठ केले.

औषध टाकल्यावर अर्ध्या तासाने तपासणी. काचेच्या नळीत विहिरीचे पाणी घ्यायचे आणि त्यात एका द्रवाचे दोन-तीन थेंब टाकायचे. द्रवाचे नाव ऑर्थोटोलिडीन. म्हणताना जिभेला गाठ पडते, म्हणून सारे खाते त्याला ‘ओटी’ म्हणते. पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे, बिनघोर प्यावे. पांढरेच राहिले तर औषध पुरले नाही. बचत गटातली एक काकू पहिल्यांदा हे ऐकून म्हणाली, “म्हणजे विहिरीची ओटी भरायची म्हणा की!” सगळ्या हसल्या, आणि ते नाव गावाला चिकटले. आता सकाळी पाणवठ्यावर बायका विचारतात, “आज ओटी भरली का?” जलसुरक्षक नळी वर करून दाखवतो.

त्या हास्यात मी सामील झालो, पण माझ्या मनात हिरवी साडी आणि खणातले तांदूळ आले. ताईच्या वेळी वाटीत पिवळे पाणी पडले होते आणि आईला धीर आला होता. या नळीतही पिवळे पाणी होते आणि त्यानेही धीर येत होता. रंग तोच. पण ते पिवळे दिलासा देऊन थांबले होते, आणि हे पिवळे कुणीही, कधीही, पुन्हा करून पाहू शकत होते. नाहीच झाले पिवळे, तर नळी खोटे बोलत नव्हती. एवढाच काय तो फरक. त्यासाठी मात्र काही माणसांना जन्मभर माग काढावा लागला.

राहिला चुना लावणारा म्हातारा. शेजारच्या गावचा, ऐंशीच्या घरातला. शाळेत मी आंब्याच्या सालीचा प्रयोग केला. वर्गातल्या साऱ्या निरोगी पोरांच्या हातांतून पिवळे पाणी काढून दाखवले. पोरांनी ते घरोघर सांगितले, तसे ते त्याच्याही कानावर गेले. काही तरुणांच्या मनात त्याच्या दारात जाऊन तोच प्रयोग करायचा होता. आशाताईंनी त्यांना अडवले. म्हणाल्या, “त्यांची फजिती झाली तर लोक दुसऱ्या गावी जातील. मला लोक माझ्याकडे यायला हवेत.” मग आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो.

त्याने पाणी विचारले, ओटीवर घोंगडी टाकली. मी म्हणालो, “बाबा, तुमच्याशी वाद घालायला आलो नाही.” तो म्हणाला, “गुरुजी, मी कुनाकडं पैका मागत नाय. नारळ ठेवतात तो देवाला जातो. माझ्या बापानं दिलं ते मी करतो.” मला ते ठाऊक होते. मी त्याला ताईची गोष्ट सांगितली. ती तिथे आली होती की दुसरीकडे, हे मी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. बराच वेळ तो चुन्याच्या डबीचे झाकण फिरवत बसला. मग आशाताईंनी आपले मागणे मांडले. पोटुशी बाई आली तर तिला हात लावायचा नाही, सरळ दवाखान्यात धाडायची. ज्याला झापड येते, जो बरळतो, ज्याच्या हिरड्यांतून किंवा उलटीतून रक्त येते, त्यालाही तसेच. बाकीच्यांनाही सांगायचे, रक्त तपासून घ्या.

म्हातारा म्हणाला, “येवढं करीन.” आणि त्याने ते केले. त्या पावसाळ्यात त्याने दोन गर्भवतींना दारातूनच माघारी धाडले. एकीच्या सासूला राग आला, तेव्हा तो म्हणाला म्हणे, “माझ्या चुन्यात येवढा जोर नाय, बाय.” आयुष्यभर मिळवलेली कीर्ती एका वाक्यात खाली ठेवणे सोपे नसते. त्या दोघी वेळेवर इस्पितळात पोचल्या, त्यांच्यावर डॉक्टरांची नजर राहिली. दोघी वाचल्या. एकीचे मूल आता आमच्या बालवाडीत येते आणि पाटीवर अक्षरांऐवजी विहिरी काढते.

हे झाले पाण्याच्या काविळीचे. रक्तातल्या काविळीची गोष्ट याहून अवघड, कारण ती पिवळी दिसतच नाही. बी आणि सी वर्षानुवर्षे यकृतात गुपचूप घर करतात आणि माणसाला कळते तेव्हा यकृत आक्रसलेले असते. न उकळलेली सुई, दुसऱ्याची दाढी केलेले पाते, जत्रेतले गोंदण, न तपासलेले रक्त, आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला. असे त्यांचे रस्ते. अमिताभ बच्चन यांना १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणात अपघात झाला तेव्हा दिलेल्या रक्तातून ‘बी’ आला, तो कळायला पुढे जवळजवळ अठरा वर्षे लागली आणि तोवर यकृताचा पाऊण भाग गेला होता, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले. माझ्या दृष्टीने त्यांचा हा संवाद त्यांच्या कुठल्याही चित्रपटातल्या संवादापेक्षा मोलाचा आहे. कारण आपल्याकडे या काविळीचे नाव निघाले की लोक तपासणीआधी चारित्र्य तपासतात, रोग्याचे ताट-वाटी वेगळे करतात. ताटातून तो पसरत नाही. एकत्र जेवल्याने, जवळ बसल्याने, लेकराला कुशीत घेतल्याने पसरत नाही.

‘बी’चा विषाणू बारूक ब्लमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने शोधला, त्याच्या लशीची वाटही त्यानेच दाखवली, १९७६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्याचा जन्मदिवस जगभर काविळीचा दिवस म्हणून पाळतात. १९९७ साली हैदराबादेत ही लस देशी बनू लागली आणि तिची किंमत आपल्या आवाक्यात आली. आज ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिला डोस बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत टोचायचा. एवढा एक दिवस चुकवू नये. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून बी आणि सीची तपासणी आणि औषधेही विनामूल्य मिळतात. ‘सी’ तर बहुधा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक रोग्यांचा पुरता जातो. ‘बी’ पुरता जात नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहतो. अट एकच: लाजेपोटी घरी बसायचे नाही.

दिवाळीत हे काय विषय काढलेत, असे कुणी म्हणेल. पण धनत्रयोदशीला आपण पूजा कुणाची करतो? धन्वंतरीची. लक्ष्मी दोन दिवसांनी येते. आधी मान वैद्याचा. धने-गुळाचा प्रसाद वाटून झाला की मी पोरांना एवढेच सांगतो, की आज घरातली कळशी घासा आणि ओगराळे वेगळे ठेवा, हात बुडवून पाणी काढू नका. पाहुणा आला की आपण आधी पाणी पुढे करतो, मग चकली. त्या तांब्यात काय आहे हे पाहुणा विचारत नाही. तो आपल्यावर विश्वास टाकून पितो.

पावसाळ्यानंतरच्या तपासणीचे कार्ड आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास येते. गेली दोन वर्षे ते हिरवे येते आहे. गावच्या बाजारातला एक व्हॉल्व्ह अजून गटारातच आहे आणि त्याच्यासाठी पंचायतीत चौथी बैठक व्हायची आहे. बैठक दिवाळीनंतर आहे. आशाताईंनी निरोप धाडला आहे की फराळ जरा बेताने खा, बोलायला दम लागेल.